निवांत प्रयोग कसा करावा : गोव्यातील नाट्यमंडळांसाठी मार्गदर्शन

फोंडा तालुक्यातील एका हौशी नाट्यमंडळात मी गेली अनेक वर्षे काम करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका संगीत नाटकाचा प्रयोग चालू असताना चौथ्या रांगेत बसलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा प्रत्येक पद सुरू होताच आनंदाने मोठा हुंकार देत होता आणि दोन्ही हात फडफडवत होता. रंगमंचावरून मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्याइतका नाटकात रमलेला दुसरा प्रेक्षक त्या रात्री नव्हता, असे मला आजही वाटते. आजूबाजूच्या लोकांनी आधी माना वळवल्या, मग ‘शू’ केले, आणि तिसऱ्या पदाला त्याची आई त्याला उठवून बाहेर घेऊन गेली. मध्यंतरापर्यंत ती दोघे व्हरांड्यात उभी राहून आतून ऐकू येणारी पेटी ऐकत होती आणि नंतर निघून गेली, असे दारावरच्या मुलाने आम्हाला मागाहून सांगितले. त्या कुटुंबाने तिकिटाचे पैसे भरले होते, नाटक त्यांना आवडत होते, आणि तरीही त्यांना बाहेर जावे लागले. हा लेख ज्या कामाविषयी आहे, ते काम आमच्या मंडळाने त्या रात्रीनंतर सुरू केले.

निवांत प्रयोग म्हणजे काय

ज्यांना नाट्यगृहातील अंधार, अचानक येणारे आवाज किंवा तास-दीड तास हालचाल न करता गप्प बसण्याची सक्ती सोसत नाही, अशा प्रेक्षकांना सामावून घेण्यासाठी त्याच नाटकाचा थोडे बदल करून जो प्रयोग केला जातो, त्याला इंग्रजीत ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात. मराठीत त्याला ‘निवांत प्रयोग’ म्हणावे असे मी सुचवतो. ‘मोकळा प्रयोग’ हा शब्दही आम्ही वापरून पाहिला, परंतु तो फुकट आहे असा अनेकांचा समज झाला. ‘विशेष मुलांसाठीचा प्रयोग’ असे मात्र कृपया म्हणू नये, कारण या प्रयोगाला येणारे सगळे प्रेक्षक मुले नसतात. स्वमग्न (ऑटिझम असलेले) प्रौढ, टुरेट सिंड्रोममुळे अनावर उद्गार निघणाऱ्या किंवा अंगाला हिसके बसणाऱ्या व्यक्ती, डाऊन सिंड्रोम असलेले तरुण, बौद्धिक अक्षमता असलेली माणसे, विस्मृतीचा आजार जडलेले आजोबा-आजी, तान्ह्या बाळाच्या आया आणि गर्दीत जीव घाबरा होणारे अनेक जण अशा प्रयोगाला येऊ शकतात.

ही कल्पना रंगभूमीच्या बाहेरून आलेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ साली ‘द लायन किंग’ या संगीतिकेचा स्वमग्न प्रेक्षकांना अनुकूल असा प्रयोग झाला, त्यानंतर ब्रिटनमधील नाट्यगृहांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली, आणि लंडनच्या बॅटरसी आर्ट्स सेंटरने २०२० साली केवळ एखाद्या प्रयोगापुरती नव्हे तर संपूर्ण वास्तूसाठीच ती स्वीकारली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या असून त्यांत स्वमग्नतेचाही समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २९ नुसार दिव्यांग व्यक्तींना सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे यासाठी उपाय योजणे हे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांग व्यक्तींसाठीचा महोत्सव पहिल्यांदा झाल्यापासून हा विषय लोकांच्या बोलण्यात आला आहे. तो आपल्या नेहमीच्या नाट्यप्रयोगांपर्यंत पोहोचवणे हे आपल्यासारख्या मंडळांचे काम आहे.

गोव्याच्या प्रेक्षकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. देवळाच्या मंडपात रात्रभर चालणारा काला, म्हणजे दशावतारी नाटक, आठवावा. तिथे मुले चटईवर झोपतात, माणसे मध्येच उठून जत्रेच्या फेरीतून खाजे घेऊन येतात, कोणी मोठ्याने दाद देतो, कोणी शेजाऱ्याला पात्राचे नाव विचारतो, आणि त्यामुळे दशावताराचा रंग उतरत नाही. खुर्चीला खिळून अंधारात बसण्याची रीत आपल्याकडे बंदिस्त नाट्यगृहाबरोबर आली. मात्र जत्रेतला प्रयोग या प्रेक्षकांना जसाच्या तसा चालेल असेही नाही, कारण तिथला कर्णा, फटाके आणि गर्दी यांचा त्यांना फार त्रास होतो. मंडपातला मोकळेपणा आणि नाट्यगृहातला आटोक्यातला आवाज या दोहोंचा मेळ आपल्याला घालायचा आहे.

नाटक, दिवस आणि वेळ

काही ठरवण्यापूर्वी दोन-तीन पालक, विशेष शाळेतील एक शिक्षक आणि शक्य असल्यास एखादी स्वमग्न प्रौढ व्यक्ती यांना तालमीला बोलवावे. त्यांना पूर्ण तालीम दाखवावी आणि कोणत्या जागी अडचण येईल असे वाटते, ते विचारावे. आम्ही पहिल्या वेळी हे केले नाही आणि स्वतःच्या अंदाजाने बदल केले. त्यांतले निम्मे अनावश्यक निघाले आणि जे खरोखर हवे होते ते राहून गेले.

नाटक बालनाट्यच असले पाहिजे असे नाही. तीस वर्षांच्या स्वमग्न तरुणाला ससा-कासवाची गोष्ट दाखवणे हा त्याचा अवमान आहे. साधारण ६० ते ९० मिनिटांत संपणारे किंवा मध्यंतराला नैसर्गिकपणे दोन भाग होणारे कोणतेही चांगले नाटक चालते. निवांत प्रयोग हा त्या नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग असू नये. आठ-दहा प्रयोग होऊन प्रकाश आणि ध्वनी यांच्या जागा पक्क्या झालेल्या असल्या, तरच आपण प्रेक्षकांना आधी दिलेली माहिती खरी ठरते.

वेळ सकाळी ११ किंवा दुपारी ४ ची ठेवावी. रात्री ९ चा प्रयोग या कुटुंबांना झेपत नाही, आणि गावाकडे परतणाऱ्या बसगाड्या संध्याकाळनंतर विरळ होतात. चतुर्थीचे दिवस, शिगम्याच्या मिरवणुका आणि त्या परिसरातील जत्रा टाळाव्यात. पत्र्याचे छप्पर असलेल्या सभागृहात पावसाळ्यात प्रयोग करू नये, कारण जोराच्या सरीचा पत्र्यावरचा आवाज आपल्या हातात नसतो आणि तो कधी सुरू होईल हेही सांगता येत नाही.

नाट्यगृहाची पाहणी

प्रयोग पणजीच्या कला अकादमीत असो, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात असो किंवा मडगाव, साखळी, कुडचडे येथील रवींद्र भवनात असो, किमान महिनाभर आधी एकदा प्रेक्षक होऊन त्या वास्तूत फिरावे. गाडी कुठे उभी राहते, दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची कोणत्या बाजूने आत जाते, स्वच्छतागृहात हात वाळवणारे मोठ्या आवाजाचे यंत्र आहे का, कोणती ट्यूबलाइट लुकलुकते, हे सारे वहीत टिपावे. हात वाळवण्याचे यंत्र त्या दिवसापुरते बंद ठेवून कागदी रुमाल ठेवता येतात. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलून घ्यावी.

प्रेक्षागृहाजवळ एक शांत खोली हवी, आणि त्याबाबत तडजोड करू नये. पाहुण्यांसाठी राखलेली खोली किंवा वापरात नसलेला दुसरा रंगपट यासाठी मागून घ्यावा. तिथे चटई, उशा, मंद दिवा, पिण्याचे पाणी, चित्रे काढण्यासाठी कागद-खडू आणि हातात घेऊन दाबता येईल असे एखादे मऊ खेळणे ठेवावे. दारात एक स्वयंसेवक असावा, परंतु त्याने आत जाऊन चौकशी करू नये. ती खोली शिक्षा म्हणून बाहेर काढलेल्यांची जागा नाही, ज्याला थोडा वेळ विसावा हवा त्याची आहे, हे आपल्या वागण्यातून दिसले पाहिजे.

आसनांपैकी निम्मी ते साठ टक्केच तिकिटे विकावीत, म्हणजे प्रत्येक कुटुंबाशेजारी एक-दोन खुर्च्या मोकळ्या राहतात. पहिल्या रांगेपुढे जागा असल्यास तिथे चटया अंथराव्यात. मधल्या वाटा आणि बाहेर पडण्याची दारे मात्र पूर्ण मोकळी राहिली पाहिजेत. यात मंडळाचे उत्पन्न कमी होते, हे उघड आहे. त्यासाठी भाड्यात सवलत मिळते का हे नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला लेखी विचारावे आणि एखाद्या स्थानिक देणगीदाराकडून उरलेल्या खुर्च्यांची रक्कम मागावी. आमच्या अनुभवात या कारणासाठी पैसे देणारे भेटतात.

प्रकाश आणि ध्वनी

दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार आणि ध्वनी सांभाळणारा अशा तिघांनी संहिता घेऊन एक संध्याकाळ एकत्र बसावे. जिथे आवाज अचानक येतो, जिथे पूर्ण काळोख होतो, जिथे प्रखर झोत प्रेक्षकांवर पडतो, त्या प्रत्येक जागी लाल खूण करावी. मग एकेका खुणेवर निर्णय घ्यावा.

प्रेक्षागृहातील दिवे पूर्ण मालवू नयेत. माणसाला आपली वाट आणि शेजारचा चेहरा दिसेल इतका उजेड प्रयोगभर राहू द्यावा. दोन प्रवेशांमधील काळोखाऐवजी मंद निळा प्रकाश ठेवावा, आणि प्रकाश एका क्षणात उजळवण्याऐवजी तीन-चार सेकंदांत वाढवत न्यावा. लुकलुकणारा स्ट्रोब पूर्णपणे काढून टाकावा, कारण सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीला झटका आणू शकते. ध्वनीच्या बाबतीत सगळेच हळू करण्याची गरज नाही. बंदुकीचा बार, वीज कडाडणे, दार आपटणे यांसारखी टोके खाली आणावीत. ध्वनिमुद्रित आवाज १० डेसिबलने उतरवला तर तो कानाला साधारण निम्मा वाटतो, एवढा हिशेब हाताशी असावा. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष वाजत असल्यामुळे वादकांना सांगून आवाज सांभाळणे सोपे जाते. घुमट हे वाद्य किंवा ताशा असेल तर तो विंगेतून एकदम न वाजवता आधी दूरून ऐकू येईल असा आणावा.

नाटकाआधीच्या आपल्या रीतींकडेही लक्ष द्यावे, कारण त्या आपल्या इतक्या सवयीच्या असतात की त्या कोणाला त्रासदायक होतील हे सुचतच नाही. आमच्या पहिल्या निवांत प्रयोगात आम्ही संहितेतला प्रत्येक आवाज तपासला होता आणि घंटेचा विचारच केला नव्हता. विजेची कर्कश तिसरी घंटा वाजताच दोन मुले कान झाकून रडू लागली, आणि त्यांतले एक कुटुंब पडदा उघडण्याआधीच बाहेर गेले. आता आम्ही लहान पितळी घंटा हाताने वाजवतो. नटराजपूजनाचा नारळ प्रेक्षक आत येण्यापूर्वी फोडतो आणि धूपही त्याच वेळी फिरवून घेतो, कारण त्याचा दाट वास काहींना असह्य होतो.

एवढे करताना नाटकाचा कणा मोडू नये. रडण्याचा प्रवेश गाळावा, खलनायक सौम्य करावा, असा आग्रह काही मंडळी धरतात आणि तो मला मान्य नाही. या प्रेक्षकांना दुःख, भय आणि राग कळतात. दशावतारात काळ्या वेषातला संकासुर आलाच पाहिजे. तो कधी आणि कसा येणार, हे त्यांना आधी माहीत असावे, एवढेच आपले काम.

चित्रपुस्तिका

सगळ्या तयारीत सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे नाट्यगृहात काय दिसेल आणि प्रयोगात काय केव्हा घडेल हे प्रेक्षकाला आधीच चित्रांतून सांगणारी पुस्तिका, आणि वेळ कमी असेल तर बाकीचे थोडे बाजूला ठेवून ती आधी करावी. मोठा आवाज जेवढा त्रास देतो त्याहून अधिक त्रास तो कधी येईल हे माहीत नसण्याने होतो, असे पालकांनी आम्हाला वारंवार सांगितले आहे. पुस्तिका १० ते १२ पानांची असावी आणि प्रयोगापूर्वी किमान दहा दिवस व्हॉट्सॲपवर पाठवावी, म्हणजे घरी ती रोज एकदा वाचता येते. गोव्यातील अनेक घरांत बोलणे कोकणीत आणि शाळेत वाचणे इंग्रजीत असते, म्हणून मराठीबरोबर या दोन्ही भाषांतही ती द्यावी. नाटक मराठीत असल्याने काही अडत नाही. अनेक मुलांना भाषेआधी सूर आणि हालचाल भावते.

पुस्तिकेत प्रत्यक्ष जागेची छायाचित्रे हवीत, संगणकावरची सुशोभित चित्रे नकोत. नाट्यगृहाचे दर्शनी दार, तिकीट पाहणारी व्यक्ती, खुर्च्या, स्वच्छतागृह, शांत खोली आणि रिकामा रंगमंच यांची प्रत्येकी एक प्रतिमा घ्यावी. प्रत्येक नटाचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवावेत, एक घरच्या कपड्यांत आणि एक रंगभूषेसह, म्हणजे दाढी-मुकुटामागे तोच माणूस आहे हे कळते. वाक्ये लहान असावीत. नमुन्यादाखल आमच्या पुस्तिकेतील काही ओळी देतो : ‘दाराशी एक ताई उभी असेल. ती आपले तिकीट पाहील.’ ‘तीन वेळा घंटा वाजेल. मग पडदा बाजूला जाईल.’ ‘साधारण २० मिनिटांनी राजा मोठ्याने ओरडेल. तो रागावल्याचे नाटक करत असेल. मला हवे तर मी कान झाकू शकतो.’ ‘मला बाहेर जावेसे वाटले तर मी जाऊ शकतो. मी परतही येऊ शकतो.’

‘साधारण’ आणि ‘बहुधा’ हे शब्द जपून पण आवर्जून वापरावेत. जे नक्की घडेलच असे नाही त्याचे वचन देऊ नये, कारण काही वाचक ते अक्षरशः घेतात. शेवटच्या क्षणी नट बदलला तर त्याच दिवशी नवे छायाचित्र सर्वांना पाठवावे.

नट आणि स्वयंसेवक

नटांची एक स्वतंत्र तालीम घ्यावी, आणि त्या तालमीत मंडळातल्याच चार-पाच जणांनी प्रेक्षागृहात बसून मध्येच उठावे, फिरावे, ओरडावे, रंगमंचाच्या कडेपर्यंत यावे. अशा वेळी नटाने थांबून रागाने पाहू नये, विनोद करून हशा घेऊ नये. पात्रात राहून, वाटल्यास एक श्वास थांबून, पुढचे वाक्य घ्यावे. कोणी रंगमंचावर चढलाच, तर त्याला पकडून खाली ओढायचे नसते. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांशी एकेक स्वयंसेवक असावा आणि त्याने शांतपणे शेजारी जाऊन हात पुढे करावा. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

पडदा उघडण्याआधी नटांनी वेषातच पुढे येऊन आपले नाव आणि भूमिका सांगण्याची पद्धत अशा प्रयोगांत रूढ आहे. आपल्या संगीत नाटकाला यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. नांदीनंतर सूत्रधार आणि नटी येऊन आज काय दाखवणार हे सांगतात, त्याच जागी चार वाक्ये वाढवून पात्रांची ओळख आणि आजच्या बसण्या-उठण्याची मोकळीक सांगता येते. आमच्या सूत्रधाराचे काम करणारे ज्येष्ठ नट हे भाषण आता इतके मनापासून करतात की ते नेहमीच्या प्रयोगातही असावे असे मला वाटू लागले आहे.

दारावरची मुले, उपाहारगृहातील कामगार आणि गाड्या लावून देणारा रखवालदार या सर्वांना एक तास बसवून समजावून सांगावे. कोणालाही न विचारता हात लावू नये. ‘याला काय झाले आहे?’ असे पालकांना विचारू नये. प्रौढ व्यक्ती समोर असताना तिच्या डोक्यावरून सोबत्याशी बोलू नये. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे, कारण काहींना शब्द जुळवायला वेळ लागतो.

जाहिरात आणि तिकिटे

जाहिरातीत प्रयोग निवांत आहे, म्हणजे नेमके काय, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे आणि शंका विचारण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक द्यावा. अक्षमतेचे प्रमाणपत्र मागू नये. सोबत येणाऱ्या मदतनिसाचे तिकीट माफ करावे, आणि ऐन वेळी यायला जमले नाही तर पैसे परत द्यावेत. या कुटुंबांचा दिवस कसा उजाडेल हे त्यांच्या हातात नसते.

प्रयोगाचा दिवस

आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी इच्छुक कुटुंबांना रिकामे नाट्यगृह पाहू द्यावे, खुर्चीत बसू द्यावे, रंगमंचावर चालू द्यावे, मुकुट आणि तलवार हातात घेऊ द्यावी. दारे पाऊण तास आधी उघडावीत, म्हणजे गर्दी एकदम होत नाही. सर्वसाधारण प्रेक्षकही असतील तर त्यांना दारातच आजच्या प्रयोगाचे स्वरूप सांगावे. त्या घोषणेत ‘सहन करा’, ‘समजून घ्या’ असे शब्द नसावेत. ‘आज प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने नाटक पाहावे’ एवढे वाक्य पुरेसे असते. कान झाकणारी आठ-दहा संरक्षक साधने दाराशी ठेवावीत आणि ती परत घेताना पुसून ठेवावीत. मध्यंतर नेहमीपेक्षा दहा मिनिटे मोठे असावे, आणि उपाहारगृहात वडे-चहाच्या रांगेशिवाय आणखी एक लहान टेबल असावे, कारण रांगेतली ढकलाढकलीच अनेकांना नकोशी होते.

प्रयोग संपल्यावर

प्रयोग चालू असताना एका स्वयंसेवकाने प्रेक्षागृहाच्या मागे उभे राहून कोण केव्हा बाहेर गेले आणि केव्हा परतले याची फक्त वेळ टिपावी, नावे नकोत. त्या रात्रीच ती वेळ आणि संहितेवरच्या लाल खुणा शेजारी ठेवाव्यात. एकाच मिनिटाला चार-पाच जण उठले असतील तर तिथे काहीतरी राहिले आहे. आमच्या दुसऱ्या प्रयोगात ३४व्या मिनिटाला सहा जण उठले, आणि त्या जागी संहितेत कोणतीही खूण नव्हती. तिसऱ्या दिवशी एका आईने फोनवर सांगितले की त्या वेळी नेपथ्यातला आरसा फिरवला जातो आणि त्यावरून परावर्तित झालेला झोत डाव्या बाजूच्या खुर्च्यांवर पडतो. आता तो आरसा आम्ही दहा अंश तिरका लावतो, आणि पुढच्या महिन्यातल्या प्रयोगासाठी त्याच आईला तालमीला बोलावले आहे.